रुपया तोच, चांदी निम्मी

प्रश्न : आजीच्या डब्यात दोन राजाछाप रुपये सापडले, एक 1918चा, एक 1944चा. वजन जवळपास सारखं. मांडवीतला सराफ मात्र दुसऱ्याचे जेमतेम निम्मे पैसे देतोय. फसवतोय का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : नाही. दोन्ही नाणी मुळात तोळाभराची, 11.66 ग्रॅमची. पण 1918च्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे 10.7 ग्रॅम. 1940मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, सरकारने ती निम्म्यावर आणली. तुमच्या 1944च्या नाण्यात 5.83 ग्रॅमच चांदी, बाकी तांबं, निकेल, जस्त. 1947चा रुपया तर निव्वळ निकेलचा. नाव तिघांचंही रुपयाच! कड पाहा : 1944च्या नाण्याच्या कडेवर रेघांच्या मधून एक खाच फिरलेली दिसेल.

विकताना नाणं समोर तोलून घ्या, कारण झिजलेलं 11.66 भरत नाही. 1918च्याचं वजन 0.917ने, 1944च्याचं 0.5ने गुणून त्या दिवसाचा भाव लावा, आटणीची घट वेगळी विचारा. चिंचेने घासू मात्र नका. घासलेलं नाणं संग्राहक नाकारतात.

प्रश्न : मग चांदीचा रुपया परत आणला तर महागाई थांबेल?

उत्तर : नुसत्या चांदीने नाही. 1893पर्यंत कुणीही टांकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शके. पण 1870नंतर चांदीच स्वस्त होत गेली, आणि ब्रिटनच्या चलनात दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया सव्वा शिलिंगावर आला. 1893ला लोकांसाठी टांकसाळी बंद झाल्या; रुपये किती पाडायचे हे सरकार ठरवू लागलं. खरी गोम इथे आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आंबेडकरांनी 1923च्या रुपयावरील ग्रंथात यावरच बोट ठेवलं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सना पसंत असलेली सुवर्ण विनिमय पद्धत (देशात रुपये नि नोटा, परदेशी देण्यांसाठी मात्र ठरल्या दराने सोनं किंवा पौंड) आंबेडकरांना मान्य नव्हती, कारण तीत रुपये काढण्यावर पक्की मर्यादा नव्हती. सोन्याची नाणी चालवा आणि नवे रुपये पाडणं बंद करा, हा त्यांचा उपाय.

आज कायद्याने नोटांमागे सोनं आणि परकीय रोखे मिळून किमान 200 कोटींचे पुरतात, त्यात सोनं 115 कोटींचं. 1956पर्यंत हाच साठा नोटांच्या 40 टक्के लागे. आता लगाम म्हणाल तर रिझर्व्ह बँकेला ठरवून दिलेल्या महागाईच्या लक्ष्याचा : 4 टक्के, दोन खाली-वर. ते तंतोतंत पाळलं तरी 18 वर्षांत भाव दुप्पट. एफडीचं व्याज मोजताना आधी कर वजा करा, मग हे 4 टक्के. उरेल तेवढीच तुमची कमाई.