नागरिकत्व नसताना मतदान करता येतं का?

राष्ट्रीय निवडणुकीत बहुतेक देशांत नाही, पण काही देशांत चक्क येतं. न्यूझीलंडमध्ये निवासी व्हिसा असलेला आणि कधीतरी सलग 12 महिने तिथे राहिलेला परदेशी माणूस संसदेसाठी मत देऊ शकतो. 1975 पासून ही सोय आहे. ब्रिटनचं तर आणखी गंमतशीर. राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे संसदेच्या निवडणुकीतही मत असतं. म्हणजे वैध व्हिसावर तिथे राहणारा, वयात बसणारा भारतीय विद्यार्थी मतदार यादीत नाव घालू शकतो, तर तिथेच राहणाऱ्या जर्मन माणसाला संसदेसाठी मत नाही. वसाहतींच्या काळाचा हा वारसा. युरोपीय संघात दुसऱ्या सदस्य देशाचा नागरिक पालिका आणि युरोपीय संसदेपुरतं मत देतो, राष्ट्रीय संसदेसाठी नाही.

भारतात मात्र राज्यघटनेच्या कलम 326 मध्येच 'नागरिक' असं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी मत नाही. पासपोर्ट भारतीय असेल तर परदेशात राहूनही यादीत नाव घालता येतं, फक्त मतदानाला केंद्रावर यावं लागतं.

एक गोष्ट जपा: नावनोंदणीच्या अर्जात राष्ट्रीयत्व विचारतात, तिथे 'बघू, चालून जाईल' करू नका. अमेरिकेत नागरिक नसताना संघराज्य पातळीवरच्या निवडणुकीत मत दिलं तर तो गुन्हा आहे आणि देशाबाहेर काढलं जाऊ शकतं.