वाचकांचे प्रश्न : एलईडी बसवूनही इमारत संहितेत का बसत नाही?

प्रश्न : आमच्या कार्यालयातील सर्व ट्यूबलाइट काढून त्याच जागी तेवढेच एलईडी पॅनेल बसवले. वीजबिल उतरले, तरीही ऊर्जा लेखापरीक्षकांनी ‘प्रकाशयोजना ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत बसत नाही’ असा शेरा दिला आहे. आमची सर्व दालने सारखीच, १० मीटर लांब व ८ मीटर रुंद असून प्रत्येकात ३६ वॉटचे २४ पॅनेल आहेत. चूक कुठे आहे?

उत्तर : इमारतींच्या ऊर्जावापरासाठीची भारतातील ही संहिता दिव्याचा प्रकार न पाहता संपूर्ण इमारतीत बसवलेल्या दिव्यांचे एकूण वॉट आणि क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर पाहते. तुमच्या दालनात ८६४ वॉट आणि ८० चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला १०.८ वॉट होतात. २००७ च्या संहितेत कार्यालयांसाठी नेमकी हीच मर्यादा होती. २०१७ मध्ये ती ९.५ वर आली. अमेरिकेतील ‘अ‍ॅश्रे ९०.१’ या मानकाची २०१९ ची आवृत्ती तर कार्यालयांना सुमारे ६.९ वॉटच देते. दिवे सुधारत गेले तशी मर्यादाही खाली येत गेली, आणि ते योग्यच आहे. नाहीतर नव्या दिव्यांची कार्यक्षमता गरजेपेक्षा जास्त उजेड पाडण्यातच खर्ची पडते.

जुन्या फिटिंगच्या जागी एकास एक पॅनेल लावण्यात नेमके हेच घडते. तुमचे पॅनेल दर वॉटला १२० ल्यूमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक) देत असतील आणि छतभिंतींत व धुळीत जाणारा प्रकाश वजा करून निम्म्याहून थोडा कमी, समजा ४८ टक्के, टेबलापर्यंत पोहोचत असेल, तर २४ पॅनेलमधून सुमारे ६२० लक्स, म्हणजे टेबलाच्या दर चौरस मीटरवर तेवढे ल्यूमेन, मिळतात. वाचन-लेखनाच्या कामाला ५०० लक्स पुरतात. त्याच हिशेबाने २० पॅनेलमधून सुमारे ५१८ लक्स मिळतील आणि विद्युतभार दर चौरस मीटरला ९ वॉटवर येईल. मात्र वॉट मोजताना केवळ दिव्याचे नव्हे, तर ड्रायव्हरसह (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या उपकरणासह) संपूर्ण फिटिंगचे धरावेत. कागदावर बसणारी योजना प्रत्यक्षात अनेकदा याच फरकाने मर्यादेबाहेर जाते.

दुसरी बाब नियंत्रणाची. माणसे निघून गेल्यावर ठरावीक वेळात, साधारण १५ ते २० मिनिटांत, दिवे आपोआप बंद व्हावेत आणि खिडकीलगतच्या दिव्यांचे नियंत्रण वेगळे असावे, अशी अपेक्षा २०१७ ची संहिता आणि ‘अ‍ॅश्रे ९०.१’ या दोन्हींत आहे. पुष्कळ कार्यालयांत दिव्यांच्या ओळी खिडकीपासून आतल्या भिंतीकडे जातात व प्रत्येक ओळीला एकच बटण असते. त्यामुळे आतल्या टेबलाला उजेड हवा म्हणून भर दुपारी खिडकीजवळचे दिवेही जळत राहतात. ओळी खिडकीला समांतर जोडल्या, तर नवे काही विकत न घेताही ही अडचण सुटते. पॅनेल उतरवायचेच आहेत, तर वायरिंगचा हा बदल त्याच वेळी करून घ्यावा.

प्रश्न : बचतीसाठी आमच्या वाचनालयातील निम्मे दिवे काढले. वाचक डोळे दुखतात म्हणतात. व्यवस्थापन म्हणते, नियमच तसा आहे. खरे काय?

उत्तर : असा नियम नाही. वॉटला वरची मर्यादा असते, तशी प्रकाशाला खालची असते, आणि दोन्ही एकाच वेळी पाळायच्या असतात. ‘ईएन १२४६४-१’ हे युरोपीय मानक वाचनाच्या जागी ५०० लक्स, तर ये-जा करण्याच्या मार्गिकेत १०० लक्स सांगते. डोळ्यांवर येणाऱ्या झगमगाटालाही ते मर्यादा घालते. म्हणून कपात सर्वत्र सारखी करू नये. सूर्यास्तानंतर लक्समीटर टेबलाच्या पृष्ठभागावर ठेवून प्रत्येक वाचनाच्या जागेची नोंद घ्या, कमी भरेल तिथे दिवे परत लावा आणि बचत मार्गिकांतून व कपाटांमागच्या मोकळ्या कोपऱ्यांतून करा. मोजणीआधी फिटिंगवरची धूळ मात्र पुसून घ्या.