सायकलींसाठी पत्र्याची शेड घेताय? कुलपाआधी बिजागऱ्या बघा

तुम्ही लिहिलंय की घरात तीन सायकली आहेत, त्यातली एक बॅटरीवाली, घराच्या बाजूला मोकळी जागा आहे आणि तिथे पत्र्याची तयार शेड आणून ठेवायचा विचार आहे, तर कोणती घ्यावी, स्वतः बसवता येईल का, आणि चांगलं कुलूप लावलं की पुरे ना. शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करतो कारण माझी सायकल तिथेच गेली.

माझ्या पहिल्या शेडला मी चांगलं जाडजूड कुलूप लावलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. एक दिवस सकाळी गेलो तर कुलूप जसंच्या तसं, ओरखडासुद्धा नाही, किल्ली फिरवायला गेलो तर दार दुसऱ्याच बाजूने सुटून माझ्या अंगावर आलं. बिजागऱ्या बाहेरून, साध्या स्टार स्क्रूने बसवलेल्या होत्या. आठच्या आठ स्क्रू काढून खाली फरशीवर नीट एका रांगेत ठेवलेले, म्हणजे माणूस शिस्तीचा होता. चांगली सायकल गेली, जुनी तशीच ठेवून गेला, तो तिचा अपमानच म्हणायचा.

तेव्हापासून कुठलीही शेड बघताना मी हातात स्क्रू ड्रायव्हर आहे असं समजूनच बघतो. दार बंद असताना बाहेरून काय काय खोलता येतंय? बिजागरी आतल्या बाजूला हवी किंवा मग वेल्ड केलेली, आणि तिची पिन ठोकून बाहेर निघता कामा नये. कडी-कोयंडा पत्र्यात स्क्रूने बसवलेला असेल तर तो पहारीच्या एका हिसक्यात पत्र्यासकट येतो, तो आरपार बोल्टने बसवलेला हवा, बाहेर गोल गुळगुळीत डोकं, आतून मोठा वॉशर आणि नट. दार चौकटीवर थोडं चढलेलं असेल तर उत्तम, कारण फटीत पहार घालायला जागाच राहत नाही. दार लांब असेल तर एकाच ठिकाणी कडी पुरत नाही, वरचा किंवा खालचा कोपरा ओढून वाकवता येतो, म्हणून वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी अडकणारं लॉक असलेली शेड मिळाली तर तीच घ्या.

पत्र्याची जाडी हा दुसरा मुद्दा आणि इथेच जास्त फसवणूक होते. स्वस्त बागेच्या शेडचा पत्रा ०.३ मिमीच्या आसपास असतो, तो अंगठ्याने दाबला तरी टकटक आवाज करत आत जातो, पत्रा कापायच्या साध्या कात्रीनेही कापता येतो. त्यात फावडं-घमेलं ठेवा, सायकल नको. सायकलींसाठी निदान ०.८ मिमी तरी बघा, १.२ मिळाला तर फारच छान. दुकानदार गेज सांगेल तर लक्षात ठेवा, गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ, मी आधी उलटंच समजत होतो. पत्रा गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा थर दिलेलाच घ्या, नुसत्या रंगाला चरा गेला की तिथून गंज धरतो, जस्त असेल तर ते आधी स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. तुम्ही जिथे जिथे नवीन भोक पाडाल तिथे मात्र जस्तवाला प्रायमर लावायला विसरू नका.

मापाचं लवकर सांगतो. मोठ्या माणसाची सायकल साधारण १७० ते १८० सेंमी लांब, हँडल ६० ते ७५ सेंमी रुंद. जाहिरातीत शेडचं बाहेरचं माप देतात, आतलं विचारून घ्या, आतली लांबी १९० सेंमी तरी हवी. तीन सायकली एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे अशा उलटसुलट लावल्या की हँडलं एकमेकांत अडकत नाहीत आणि बरीच जागा वाचते. घ्यायच्या आधी जमिनीवर खडूने शेडचा चौकोन आखा, त्यात सायकली खरोखर उभ्या करा आणि दार उघडायला पुढे जागा उरते का ते बघा. हे पाच मिनिटांचं काम लोक करत नाहीत आणि मग रोज पहिली सायकल बाहेर काढल्याशिवाय तिसरी निघत नाही.

आता पाया, ज्यावर माझ्या मते शेडपेक्षा जास्त डोकं लावायला हवं. रिकामी शेड दोन माणसं सहज उचलतात, म्हणजे चोरही उचलतात आणि वाराही. मातीवर ठेवून खुंट्या मारणं म्हणजे शेड नाही, तंबू झाला. ४ इंच म्हणजे १०० मिमी जाडीचा काँक्रीटचा कोबा घाला, खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरून, नाहीतर जमिनीतली ओल वर चढते. कोबा शेडच्या मापाचाच ठेवा, मी हौसेने चारी बाजूंनी अर्धा फूट जास्त घेतला आणि प्रत्येक पावसात छपरावरून पडलेलं पाणी त्या कडेवर साचून शेडच्या खालून आत यायला लागलं, शेवटी सगळीकडून सिलिकॉन भरत बसलो. कोब्यावर आठवडाभर पाणी मारा आणि तोपर्यंत ड्रिल हातात घेऊ नका, कच्च्या काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट (आवळला की भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) आवळला की कडेचा टवकाच उडतो. पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. पेव्हर ब्लॉक असतील तर बोल्ट ब्लॉकमध्ये मारून उपयोग नाही, ब्लॉक बोल्टसकट उपटून येतो, तेवढ्या जागचे ब्लॉक काढून खाली काँक्रीट भरावं लागेल.

स्वतः बसवता येते, दोन माणसं आणि एक अख्खा दिवस धरा. वारं नसलेला दिवस निवडा, अर्धवट जोडलेल्या भिंती म्हणजे होडीचं शीडच असतं, आणि हातमोजे घालाच, पत्र्याची कड ब्लेडसारखी लागते. खालची चौकट ठेवली की पाणसळ लावून बघा आणि मग दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत, एकात सेंटीमीटरभर फरक असला तरी पुढे दार नीट बसणार नाही आणि तुम्ही दाराला दोष देत बसाल. हे जमल्यावरच हॅमर ड्रिलने भोकं पाडा, भोकातली धूळ फुंकून साफ करा (तोंडाने फुंकणार असाल तर डोळे मिटून, अनुभवाने सांगतोय) आणि मग अँकर बोल्ट आवळा. बोल्ट आतल्या बाजूने यायला हवेत. सोबत दिलेले छोटे स्क्रू जिथे बाहेरून खोलता येतात तिथे मी बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप सैल न होणारे) घातले.

पण एवढं करूनही पत्रा तो पत्राच, बॅटरीच्या ग्राइंडरपुढे कुठलीच शेड फार वेळ टिकत नाही. शेड सायकल लपवते आणि चोराचा वेळ खाते, सायकल धरून ठेवायचं काम आतल्या जमिनीतल्या कड्याचं. ग्राउंड अँकर म्हणून जाड लोखंडी कडं मिळतं, ते १२ मिमीच्या बोल्टने कोब्यात बसवा, कोब्याच्या कडेपासून चांगलं आत, आणि तिन्ही सायकलींच्या फ्रेममधून कठीण पोलादाची साखळी फिरवून त्याला लावा. चाकातून नाही, फ्रेममधून. बोल्टच्या डोक्यात ॲलन कीचा (सहा कोनी चावीचा) खड्डा असेल तर त्यात बरोबर मापाचा छर्रा हातोडीने ठोकून बसवा, मग तो बोल्ट कुठल्याच चावीने खोलत नाही. हो, तुम्हालाही नाही, म्हणून जागा आधी पक्की करा.

कुलूप घेताना कडी जवळपास पूर्ण बॉडीत लपलेली असेल असं घ्या, कटर शिरायला जागा राहत नाही. युरोपियन मानकाचा म्हणजे ईएन १२३२० चा ग्रेड छापलेला असेल तर तो १ ते ६ असतो, ६ सगळ्यात दणकट. आणि पहार, ग्राइंडर, मोठे पाने त्याच शेडमध्ये ठेवू नका, पाहुण्याला हत्यार आपणच दिल्यासारखं होतं.

ओलीचं राहिलं. पत्रा रात्री गार पडतो आणि आतल्या हवेतली वाफ छताला आतून थेंब धरते, मग ते थेंब चेनवर. म्हणून समोरासमोर दोन झरोके हवेत, एक खाली एक वर, आणि पावसात भिजलेली सायकल पुसूनच आत. बॅटरी मात्र काढून घरात न्या, बंद पत्र्याची शेड उन्हात भट्टीसारखी तापते आणि लिथियम बॅटरीला ती उष्णता अजिबात मानवत नाही, शून्याखालच्या थंडीत चार्ज करणंही तिला वाईटच. तिथे चार्जिंगची सोय करायचा मोह टाळा.

सायकलींच्या फ्रेमचे नंबर आजच फोटो काढून ठेवा, ते बहुतेक पेडलचे दांडे फ्रेमला जिथे जोडलेले असतात तिथे फ्रेमच्या खालच्या बाजूला कोरलेले असतात, सायकल उलटी करावी लागते. आणि तुमच्या मोकळ्या जागेची लांबी-रुंदी कमेंटमध्ये टाका, दार लांब बाजूला घ्यायचं की अरुंद बाजूला ते त्यावरून सांगतो.