बजेटच्या वॉट-इफ मॉडेलिंगसाठी (एखादा आकडा बदलला तर बाकीचे किती हलतील हे बघायला) एक्सेल पुरेसं आहे का, की वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही सॉफ्टवेअर विचारलंय, पण आकडे एकटे तुम्ही भरणार की पंधरा डिपार्टमेंट भरणार हे लिहिलंच नाहीये, आणि निम्मं उत्तर त्यातच आहे. तरी लिहितो, कारण या विषयावरून मी नोकरीत भरपूर वाद घातलेत.

आधीच्या कंपनीत मी फायनान्सला होतो, बजेट सगळं एक्सेलवर. मग वरून हुकूम आला की एक्सेल जुनाट झालं, आता प्लॅनिंगचं टूल घ्यायचं. डेमोला मोठ्या स्क्रीनवर एक स्लायडर, विक्री १० टक्के खाली ओढली की सगळे चार्ट झुलायचे आणि साहेब लोक एकदम खूश. मी आपला नफ्याचा आकडा बघत होतो, तर तोही बरोब्बर १० टक्केच पडलेला. म्हटलं थांबा, विक्री कमी झाली म्हणून ऑफिसचं भाडं कसं काय कमी झालं? डेमोवाल्याने सगळे खर्च विक्रीच्या टक्क्यात बसवले होते, भाडं आणि पगारसुद्धा!

हिशोब साधा आहे. विक्री १००, विक्रीबरोबर हलणारा खर्च ६०, पक्का खर्च ३०, नफा १०. विक्री ९० झाली की हलणारा खर्च ५४ होतो पण पक्का ३० तिथेच राहतो, म्हणजे नफा ६. चाळीस टक्के गेला की राव! स्लायडर ९ दाखवत होता. यावर आमचे आयटी हेड सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही एक्सेलवाले प्रत्येक गोष्टीत खोट काढता, डिटेल्स नंतर बघू." नंतर कोणी बघितलं नाही. टूल आलं, लायसन्सचे पैसे गेले, आणि "पगारवाढ तीन महिने पुढे ढकलली तर?" एवढं विचारायला पण कन्सल्टंटकडे तिकीट टाकायला लागायचं, म्हणून लोक गुपचूप एक्सेलमध्ये काम करून शेवटचे आकडे टूलमध्ये पेस्ट करायला लागले. ही डिजिटल क्रांती.

तर माझं स्पष्ट मत, एकटे किंवा दोघं-तिघं असाल तर एक्सेलच. गृहीतकं सगळी एका वेगळ्या शीटवर ठेवा, फॉर्म्युल्यात आकडा थेट कोंबू नका. डेटा टॅबमधल्या वॉट-इफ अ‍ॅनालिसिसमध्ये तीन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. गोल सीक उलटा हिशोब करतो (नफा इतका हवा तर विक्री किती), पण एका वेळी एकच सेल बदलतो. डेटा टेबल एक किंवा दोन गृहीतकं बदलून अख्खा तक्ता देतं, मात्र इनपुट सेल त्याच शीटवर लागतो, आणि फाइल जड झाली तर कॅल्क्युलेशन ऑप्शनमध्ये डेटा टेबल सोडून बाकी ऑटोमॅटिक असं ठेवता येतं. सिनॅरिओ मॅनेजर चांगलं वर्ष, वाईट वर्ष असे आकड्यांचे वेगवेगळे संच साठवतो आणि एका सिनॅरिओत, म्हणजे एका संचात, ३२ सेलपर्यंत बदलता येतात, पण त्याचा समरी रिपोर्ट गोठलेला असतो, नंतर आकडे बदलले तरी तो हलत नाही. मी तो वापरतच नाही, सिनॅरिओ निवडायला एक ड्रॉपडाउन आणि त्याप्रमाणे आकडे उचलायला CHOOSE किंवा INDEX फॉर्म्युला, बस. गूगल शीट्समध्ये सिनॅरिओ मॅनेजर तयार मिळत नाही, पण हाच ड्रॉपडाउन तिथेही चालतो. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टच्या टूलमधला वॉट-इफ पॅरामीटर (आकडा हलवायचा स्लायडर) दाखवायला छान आहे, पण त्यात आकडे भरून बजेट साठवायचं म्हणाल तर ते त्याचं काम नाही.

आता, आयटी हेडची बाजू घेतोय असं वाटेल, पण पंधरा-वीस डिपार्टमेंट एकाच वेळी भरणार असतील, कोणी काय बदललं याचा माग हवा असेल, पगाराचे आकडे सगळ्यांना दिसायला नको असतील, तर मेलवर "फायनल_नवीन_फायनल२" फिरवण्यात अर्थ नाही. तिथे अ‍ॅनाप्लान, वर्कडे अ‍ॅडाप्टिव्ह किंवा आयबीएमचं प्लॅनिंग अ‍ॅनालिटिक्स असलं प्लॅनिंगचं टूल लागतंच, एक्सेल तिथे खरंच कमी पडतं. फक्त डेमो त्यांच्या डेटावर बघू नका, तुमचं मागच्या वर्षीचं बजेट द्या, विक्री १० टक्के पाडायला सांगा आणि भाड्याच्या ओळीवर बोट ठेवा. मग एक खर्च तीन महिने पुढे सरकवायला सांगा, तिथल्या तिथे, तुमच्या माणसाच्या हाताने. "ते फेज टू मध्ये येईल" असं उत्तर आलं तर सही करू नका, मग आयटीवाल्यांनी कितीही डोळे वटारू देत.