मुलाला संगीत-निर्मितीत जायचे आहे. पण वीस वर्षांनी गाणी बनवणार कोण?

(घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका आईने पत्रातून विचारले आहे : मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे, गुणही चांगले आहेत, पण तो रात्र रात्र लॅपटॉपवर बीट (गाण्याखालचा ठेका आणि साथ) तयार करतो आणि अभियांत्रिकीला न जाता संगीत-निर्मितीच शिकायची असे म्हणतो. आमच्या वेळची गाणी आजही ऐकली जातात, आताची दोन महिन्यांत विरतात, आणि आता तर संगणक स्वतःच गाणे करून देतो. अशा क्षेत्रात मुलाने आयुष्य घालवावे का? त्याचे वडील दीड लाखाचा नवा लॅपटॉप घेऊन द्यायला तयार आहेत. तो द्यावा का?)

सप्रेम नमस्कार,

आपल्या पत्रातील पहिल्या विधानाशी मी पूर्णपणे सहमत नाही. जुन्या काळची जी गाणी आपल्याला आठवतात, ती टिकलेलीच असतात; त्यांच्याच शेजारी निघालेल्या आणि कोणाच्याही लक्षात न राहिलेल्या असंख्य ध्वनिमुद्रिकांची आपण मोजदादच करत नाही. शिवाय पंधराव्या ते पंचविसाव्या वर्षांच्या आसपास ऐकलेली गाणी माणसाला आयुष्यभर सर्वाधिक जवळची वाटतात, त्यामुळे या वादात आपणही तटस्थ नाही आणि चिरंजीवही नाहीत. लोकप्रिय संगीत पिढीगणिक का बदलते हे मात्र समजून घ्यायला हवे, कारण करिअरचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

१९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत होती. तासभर रंगणाऱ्या मैफलीतील ऐवज त्या तीन मिनिटांत बसवावा लागला. पुढे गजाननराव वाटवे, जी. एन. जोशी यांच्या काळात बहरलेले मराठी भावगीतही याच मापात वाढले. १९५५ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. वर्षभराहून थोडा अधिक काळ चाललेल्या छप्पन्न गीतांच्या त्या मालिकेला आकार दिला तो आठवड्याला एक गीत या नभोवाणीच्या शिस्तीने. म्हणजे गाण्याचा घाट ठरवण्यात गायक आणि संगीतकार यांच्याइतकाच, किंबहुना काही वेळा अधिक, वाटा ते गाणे पोहोचवणाऱ्या साधनाचा असतो. आज स्पॉटिफाय या इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवेवर तीस सेकंद ऐकल्याशिवाय गाणे 'ऐकले' म्हणून मोजले जात नाही, आणि श्रोत्याचा अंगठा पुढच्या गाण्यावर जायला टपलेलाच असतो. अमेरिकेतील १९८६ ते २०१५ या काळातील अग्रगण्य गाण्यांच्या एका अभ्यासात सुरुवातीचे वादन सरासरी वीस सेकंदांहून अधिक होते, ते पाचवर आल्याचे आढळले. आपल्याला आवडणाऱ्या गाण्यांतील व्हायोलिनचे लांबलचक प्रास्ताविक कुठे गेले, याचे उत्तर नव्या पिढीच्या उथळपणापेक्षा या व्यवस्थेत शोधावे असे मला वाटते.

हा बदल संथपणे, एकसारखा होत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अमेरिकेच्या लोकप्रियता-यादीतील १९६० ते २०१० या काळातील सुमारे सतरा हजार गाण्यांचे संगणकाने विश्लेषण केले, तेव्हा १९६४, १९८३ आणि १९९१ अशी तीन वर्षे मोठ्या उलथापालथीची ठरली. त्यांपैकी १९८३ च्या उलथापालथीमागे सिंथेसायझर आणि ड्रम मशीन या विजेवर सूर आणि ठेके निर्माण करणाऱ्या यंत्रांचा मोठा हात होता. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी अशाच यंत्रांवर दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. ती तेव्हा फारशी कोणी विचारली नाही; २०१० च्या सुमारास ती परदेशात पुन्हा निघाली आणि पुढे शिकागोमध्ये जन्मलेल्या एका नृत्यसंगीताची आधीच लागलेली चाहूल म्हणून तिचे कौतुक झाले. त्यांनी वापरलेले एक यंत्र मुळात गिटारवादकांना सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेले होते. त्यामुळे वीस वर्षांनी कोणती शैली चालेल असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले, तर चिरंजीवांनी ते ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.

शैलीविषयी नाही, तरी व्यवसायाविषयी काही अंदाज बांधता येतात. चार ओळी लिहून दिल्या की पुरे गाणे करून देणाऱ्या संगणक-प्रणाली आल्या आहेत आणि २०२४ मध्ये अमेरिकेतील मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी अशा दोन प्रणालींविरुद्ध दावेही दाखल केले. दाव्यांचा निकाल काहीही लागो, दुकानात मागे वाजणारे संगीत, छोट्या जाहिरातींच्या चाली, चित्रफितींखाली घालायचे सूर अशी 'कोणाचेही चालेल' या जातीची कामे माणसाच्या हातून झपाट्याने जातील असे माझे मत आहे. मला खरी काळजी वाटते ती इथे, कारण नवखी मुले नेमकी याच कामांवर हात बसवत असत. वरची पायरी राहील, पण तिथवर नेणाऱ्या मधल्या पायऱ्या निखळतील. चिरंजीवांना शिकण्याची जागा दुसरीकडे शोधावी लागेल.

ती जागा फार लांब नाही. घणसोली, दिवाळे किंवा कळव्याच्या बाजूला एखाद्या आगरी-कोळी घरच्या हळदीला जाऊन पाहावे. बेंजोच्या सुरावर कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक पॅड चढवलेले असतात, वादक नवरदेवाचे आणि गावाचे नाव गाण्यात जागच्या जागी गुंफतात, मांडवातली माणसे दमली की ठेका उतरतो आणि करवल्या पुढे आल्या की चढतो. समोरच्या माणसांकडे पाहून क्षणाक्षणाला घेतलेले हे निर्णय आहेत. प्रत्येकाच्या कानात त्याच्यापुरते वेगळे गाणे वाजू लागेल, तसतसे चारचौघांनी एकत्र येऊन ऐकण्याचे मोल वाढेल असे मला वाटते. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या नेरुळच्या मैदानावरील तीन कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी जी झुंबड उडाली, ती आपल्याही घरात चर्चेत असेलच.

म्हणून या वर्षी चिरंजीवांनी एखाद्या ध्वनिव्यवस्था करणाऱ्याच्या हाताखाली सुट्टीत उमेदवारी करावी. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात कार्यक्रमाआधी तासभर नुसते बसले तरी कळते की माइकने शिट्टी मारली तर मिक्सरवरची कोणती पट्टी खाली घ्यायची, तबल्याचा डग्गा घुमू लागला तर माइक किती सरकवायचा, आणि रिकाम्या सभागृहात जुळवलेला आवाज प्रेक्षक भरल्यावर का बदलतो. लॅपटॉपसमोर हे शिकता येत नाही.

शिक्षणाविषयी माझे स्पष्ट मत असे की बारावीनंतर थेट एखाद्या महागड्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाला पाठवू नये. असे बरेचसे अभ्यासक्रम आज चालणारे सॉफ्टवेअर शिकवतात आणि ते पाच वर्षांत बदलते. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील ध्वनिमुद्रण व ध्वनिरचनेच्या अभ्यासक्रमासाठी तशीही पदवी लागते. तेव्हा भौतिकशास्त्रात किंवा इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार शाखेत पदवी घ्यावी. ध्वनिलहरींचे गणित पक्के असलेल्या मुलाला पुढे ध्वनिमुद्रणापासून संगीतविषयक संगणन-संशोधनापर्यंत वाटा खुल्या राहतात, आणि पवईच्या आयआयटीत असे संशोधन चालतेही. सोबत गळा किंवा एक वाद्य गुरूपाशी बसून शिकावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय वाशीतही आहे. त्याच्या परीक्षा दिल्या तर अभ्यासाला शिस्त लागेल, प्रमाणपत्र हा दुय्यम भाग.

आणखी एक गोष्ट घरातल्या कोणीतरी लक्ष घालून करावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) वाटा राखला आहे; तो सही करून निर्मात्याला देऊन टाकता येत नाही. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम आदेशही दिला. पुढच्या पिढीत आवाज आणि चाल कोणाची, यावरच पुष्कळशी कमाई ठरणार आहे. मुलाने कोणत्याही करारावर, अगदी मित्राच्या यूट्यूब वाहिनीसाठीही, वाचल्याशिवाय सही करू नये.

लॅपटॉप आत्ता घेऊ नये. आहे त्या यंत्रावर त्याने एक गाणे, स्वतःच्या किंवा मित्राच्या खऱ्या आवाजासह, बारावीची परीक्षा झाल्यावर पूर्ण करून दाखवावे. अर्धवट सोडलेल्या बीटची फाइल त्यात धरू नये. तोवर कान पूर्ण झाकणारा एक चांगला हेडफोन आणि साधा ऑडिओ इंटरफेस (माइक किंवा वाद्य संगणकाला जोडणारे उपकरण) पुरेसा आहे, आणि उरलेली रक्कम शिकवणीसाठी बाजूला ठेवावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक, ठाणे