खिशात तशीच राहिलेली बारा कार्डं

"मॅडम, पोस्टरसमोर उभा राहिलो की मला मी दलालच वाटतो हो."

माझ्याकडे सल्ल्याला आलेले भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख, वय पन्नाशीचं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांच्या लहानशा कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघणार होती. जाहिरातीला अर्ज ढिगाने येतात, पण शिकवायची हौस असलेले मोजकेच. प्राचार्य म्हणाले, परिषदेला जाताच आहात तर पोस्टर सेशनमध्ये, म्हणजे संशोधक आपलं काम मोठ्या कागदावर मांडून शेजारी उभे असतात तिथे, चार माणसं हेरून या. सर बारा व्हिजिटिंग कार्डं घेऊन गेले आणि बाराच्या बारा परत घेऊन आले.

ही तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला नोकरीबद्दल विचारणं म्हणजे त्याला पळवणं, असं वाटतं. सरांना मी विचारलं, "नेमकं कुठल्या क्षणी मागे फिरलात?"

त्यांना एक पोस्टर लख्ख आठवत होतं. पातळ थरांवरचं काम, शेजारी पीएचडी संपत आलेली मुलगी. ती पाठ केलेलं दोन मिनिटांचं भाषण म्हणाली. सरांनी सहज विचारलं, "हे एफवायच्या पोराला कसं सांगाल?" ती पोस्टर सोडून त्यांच्याकडे वळली. "तारेच्या कडीत साबणाच्या पाण्याचा पडदा उभा धरा. फुटायच्या आधी तो वरच्या कडेला काळा पडतो. का पडत असेल?" आणि चक्क गप्प राहून उत्तराची वाट बघत बसली.

"उत्तर द्यायला थांबली हो ती! आमच्याकडे वीस वर्षं शिकवणारेसुद्धा थांबत नाहीत."

"मग?"

"मग काय, 'छान काम आहे' म्हटलं आणि पुढे गेलो. एवढं काम असलेली मुलगी आमच्याकडे कशाला येतेय?"

म्हणजे अडचण दलालीची नव्हतीच. तिचा नकार सरांनी परस्पर तिच्या वतीनं देऊन टाकला होता. पुढची दोन सत्रं आम्ही कॉलेजच्या लहानपणाची त्यांना वाटणारी लाज, या एकाच गोष्टीवर बोललो. ते सगळं इथे सांगत नाही.

पोस्टरची प्रथा तरी कशासाठी पडली? आंतरराष्ट्रीय पातळीवरचं पहिलं पोस्टर सेशन १९६९ साली माद्रिदला, जीवरसायनशास्त्राच्या युरोपीय अधिवेशनात झालं, असं मानतात. व्यासपीठावर सगळ्यांना वेळ देता येत नाही आणि समोरासमोर बोलताही येत नाही, ती सोय पोस्टरनं झाली. तिथे अनोळखी माणसानं येऊन काहीही विचारणं अपेक्षितच असतं. मुलाखतीच्या खोलीत उमेदवार तयारीनं बोलतो. पोस्टरपाशी तो एकच गोष्ट तासाभरात दहा वेगवेगळ्या माणसांना सांगतो, आणि शिकवणं वेगळं काय असतं?

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. सारांशांची पुस्तिका आधी चाळून सात-आठ पोस्टरं निवडायची, शेकड्यांच्या गर्दीत भटकायचं नाही. बऱ्याच ठिकाणी विषम क्रमांकाच्या पोस्टरांची माणसं आधी आणि सम क्रमांकाची नंतर उभी असतात, ते बघून जायचं. पहिल्यांदा काम ऐकायचं, मनापासून. जागेचं बोलणं गर्दी ओसरल्यावर, गाईड शेजारी नसताना. निवड जाहिरात आणि समितीमार्फतच होईल, हेही तिथेच सांगायचं, शब्द द्यायचा नाही. आठवड्याचे तास किती, संशोधनाला वेळ किती उरतो, ते खरं सांगायचं. आणि लग्न, मुलंबाळं यांची चौकशी अजिबात नाही. सरांनी एकदा अवघडून ती केली होती आणि समोरच्या मुलीचा चेहरा मिटलेला त्यांना अजून आठवतो.

वाक्यही आम्ही मोठ्यानं म्हणून पाहिलं: "आमच्याकडे एक जागा निघतेय. तुम्ही अर्ज करावा असं मला वाटतं." पहिल्या वेळी सर मध्येच "म्हणजे, तसं काही नाही, पण" म्हणाले. चौथ्या वेळी जमलं.

पुढच्या परिषदेत पाच कार्डं गेली. दोघांनी नम्रपणे नाही म्हटलं, दोघांचं उत्तरच नाही. पाचव्या मुलानं त्याच रात्री मेल केला: प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप किती आहेत, आणि त्यातले चालू किती?

सरांचा फोन आला तेव्हा ते प्रयोगशाळेतच होते, एकेकाचं बटण दाबून बघत. "आठ आहेत. तिसऱ्यापर्यंत आलोय, ठेवतो."