बोलता येत नसले तरी सांगता यावे: वाचकांचे प्रश्न, वाचा-उपचारतज्ज्ञाची उत्तरे

प्रश्न (कोथरूड): पक्षाघातानंतर माझे यजमान प्रत्येक प्रश्नाला ‘हो’च म्हणतात, आरती मात्र बरोबर म्हणतात. ते मुद्दाम तर करत नाहीत ना?

उत्तर: मुळीच नाही. हा वाचाघात आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषा वापरण्यात आलेली अडचण. पाठ असलेली आरती किंवा अंकांची मोजणी आपोआप ओठांवर येते. नवे वाक्य जुळवणे हे मेंदूचे निराळे काम आहे. 1861 साली फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी पॅरिसमध्ये अभ्यासलेला रुग्णही जवळजवळ ‘तान’ एवढेच उच्चारत असे, पण त्याला बोललेले बरेचसे कळत होते. तेव्हा उच्चारलेल्या ‘हो’वर विसंबू नका. चहा आणि दूध दोन्ही समोर ठेवून बोट दाखवू द्या, आणि उत्तरासाठी मनातल्या मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबा.

प्रश्न (हडपसर): सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या चार वर्षांच्या मुलीला बोट दाखवून सांगण्यासाठी चित्रांचा तक्ता दिल्यास ती बोलायचा प्रयत्न सोडेल का?

उत्तर: नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधन-आढाव्यात अशा साधनांमुळे कोणाचेही बोलणे घटल्याचे आढळले नाही, उलट बहुतेकांचे थोडेफार वाढले. तक्त्यावर केवळ ‘पाणी’, ‘शू’ नको. ‘नको’, ‘अजून’, ‘थांब’ हवेतच, कारण नकार देता येणे हा तिचा हक्क आहे. आयआयटी मुंबईत विकसित झालेले ‘जेलो’ हे चित्रांवरून संवाद साधण्याचे मोफत अ‍ॅपही पाहावे.

प्रश्न (धायरी): मोटर न्यूरॉन आजारामुळे (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी निकामी होत जाणारा आजार) वडिलांची वाचा आणि हात दोन्ही गेले आहेत, फक्त डोळे हलतात. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारे महागडे यंत्र घ्यावे का?

उत्तर: यंत्राचा विचार जरूर करा, परंतु आजच कागदावर आपली वर्णमाला लिहून काढा. तिची वर्गवार मांडणी या कामी फार उपयोगी पडते. आपण ‘क, च, ट, त, प, य, स्वर’ असे ओळींचे पहिले अक्षर सावकाश म्हणावे. हवी ती ओळ येताच त्यांनी डोळे वर करावेत, मग त्या ओळीतले अक्षर आणि नंतर स्वर याच रीतीने निवडावा. ‘पा’ जुळताच पाणी मागितले असे समजून पेला पुढे करण्याचा मोह आवरा. या आजारात गिळणेही अवघड होत जाते, आणि त्यांना कदाचित ‘पाय’ सरळ करून हवा असेल. ‘पुढचे मी ओळखू का?’ असे आधी विचारा, आणि त्यांनी नकार दिला तर पुन्हा ‘क’च्या ओळीपासून सुरुवात करा.